चार तोंडांचा पाना

ती केस मी आजही विसरू शकलेलो नाही. मी तेव्हा अकोल्यात ठाणेदार होतो. आमच्या हद्दीतल्या एका कॉलनीत आठवडाभरात दोन गाड्यांची चाकं धावता धावता निखळली. पहिली गाडी पातूर रस्त्यावरून शेतात घुसली आणि चालवणाऱ्या प्राध्यापिकेचा हात मोडला. दुसऱ्या गाडीतले एक म्हातारे गृहस्थ अतिदक्षता विभागात होते.

आमच्या मेकॅनिकने दोन्ही गाड्या पाहिल्या. "साहेब, आपोआप ढिला होते तो एखादा नट," तो म्हणाला. "इथं सारेच ढिले होते. पाना लावूनच केले कोणीतरी."

बातमी कॉलनीत पसरली. सकाळी चांगले शिकलेले लोक चाकांपाशी उकिडवे बसून नट चाचपू लागले. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. मीही त्याच कॉलनीत राहत होतो. आमची गाडी मात्र मी कधी तपासली नाही. ठाणेदाराच्या गाडीला कोण हात लावणार, अशी माझी समजूत होती.

एके दिवशी सकाळी हजेरी चालू असतानाच एक पंक्चरवाला ठाण्यात आला. आमच्या मागच्या गल्लीतल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिपायाने त्याच्याकडून चाकाचे नट खोलायचा जुना पाना विकत घेतला होता. अधिकच्या चिन्हासारखा, चार तोंडांचा. "त्याच्यापाशी तर सायकल हाये, साहेब. त्याले हा पाना काहून लागला?"

पंचांसमक्ष झडती घेतली. पाना जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला सापडला. माणसाने विरोध केला नाही. ठाण्यात तो गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला आणि प्रत्येक प्रश्नाला "मले माहीत नाही" म्हणत राहिला. घाबरलेला आरोपी दाराकडे पाहतो, असा माझा अनुभव. हा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

सव्वादहाला त्यानेच मला विचारलं, "बाईसाहेब मोझरीले पोचल्या काय?"

माझी बायको मुलीला घेऊन मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाला निघाली होती. घर सोडून अर्धा तास झाला होता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"काल फाटकापाशी सांगून राहिल्या होत्या." तो खाली पाहत म्हणाला, "तुमच्या गाडीचे नट मी पहाटेच ढिले केले. माही बायको याच कॉलनीत गाडीखाली गेली. कोणी पाह्यलं नाही म्हणे. तुमी फाइल बंद केली. घरचं माणूस जाते म्हंजे काय, तुमालेबी समजू द्या म्हटलं."

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. गाडी चालवताना ती फोन उचलत नसे, तशी ताकीद मीच दिली होती. नियंत्रण कक्षाला गाडीचा नंबर सांगताना शेवटचे दोन आकडे मला आठवेनात. हवालदाराने ते सांगितले. पुढची बारा मिनिटं मी त्या माणसासमोर उभा होतो. त्याला मारलं नाही, पुन्हा पुन्हा फोन लावत राहिलो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे महामार्ग पोलिसांनी गाडी अडवली. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट गळून पडले होते, उरलेले बोटाने फिरत होते. "खडखड होत होती," बायको फोनवर म्हणाली. "मला वाटलं, रस्ताच खराब आहे."

त्याला शिक्षा झाली, ती योग्यच होती. निरपराध माणसांच्या जिवावर तो उठला होता. पण मी त्याच्या बायकोच्या अपघाताची फाइल काढून पाहिली. आरोपी मिळून येत नाही, एवढ्या एका ओळीखाली माझी सही होती. तपास बंद केल्याचं त्याला आम्ही सांगितलंही नव्हतं. सात महिने ठाण्यात खेटे घातल्यावर कारकुनाकडून कळलं होतं.

मी तो तपास पुन्हा सुरू करवला. गाडी मिळाली नाही. मात्र निवृत्त होईपर्यंत एक नियम पाळला. तपास बंद करायची वेळ आली की फिर्यादीच्या घरी स्वतः जाऊन सांगायचं. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी चहा दिला. मी दोन्ही घेतलं.