दोन अर्ध्यांमधली ताई

पाण्याचे सर आणि तापाचे डॉक्टर पहिल्यांदा भांडले ते जिन्यात. तिघंही तेव्हा तरुण होती; ताई तर त्यांच्या संशोधन संस्थेत नवीच. कठड्याआड उभं राहून तिनं सगळं ऐकलं.

"वस्तीत ताप पसरला तो पाण्यामुळे. म्हणजे विषय माझा!"

"मग उद्यापासून रोगी तुम्हीच तपासा की!"

एका लेकरावरून दोन आज्यांनी भांडावं, आणि लेकरू तिकडे तापानं फणफणलेलं, तशातली गत.

शेवटी संस्थेच्या मोठ्या बाईंनी दोघांना वस्तीसाठी मिळून एकच अहवाल लिहायच्या कामाला जुंपलं आणि मध्ये ताईला बसवलं. गुंत्याच्या प्रश्नांवर निरनिराळ्या विद्यांची माणसं एकत्र विचार कसा करतात, यावर ठिकठिकाणी काय लिहिलं जातंय, ते तिनं वाचायचं. लिखाण वर्षागणिक वाढतच होतं. पण त्यातलं बरंचसं कसं, तर शेजारणींनी जेवायला एकत्र बसायचं आणि प्रत्येकीनं आपलाच डबा खायचा.

मग या दोघांचा अहवाल तिच्या हाती आला. सरांचा अर्धा सांगत होता, नळाचा भरवसा नाही, घरोघरी पिंपं भरून ठेवा. डॉक्टरांचा अर्धा सांगत होता, साठवल्या पाण्यात डास होतात, पिंपं ओतून द्या. खाली सह्या दोघांच्या, अगदी झोकात!

अहवाल दुसऱ्या दिवशी वस्तीत जायचा होता. बोलावं तर दोघं पुन्हा हमरीतुमरीवर येणार आणि एकत्र काम मोडणार. गप्प बसावं तर वस्तीतल्या बायांनी भरायचं की ओतायचं?

तिनं दोघांना बोलावलं. याची पानं त्याच्या हाती दिली, त्याची याच्या. "मोठ्यानं वाचा."

डॉक्टर तिसऱ्याच ओळीला अडखळले. सरांनी कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्ही माझं वाचलंच नव्हतं?" सर म्हणाले.

"तुम्ही तरी माझं कुठं वाचलंत? मला वाटलं, बरोबरच असणार."

"एवढा विश्वास जिन्यात कुठं गेला होता?" ताई म्हणाली.

आधी डॉक्टर हसले, मग सर. पिंपं भरायची, पण घट्ट झाकायची आणि आठवड्याला घासायची, असं ठरायला चहाचा एक कप पुरला.

तेव्हापासून कामावरून निघताना ताई दोघांची नवी पानं उचलायची आणि एकाची दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायची. सगळी नोकरी त्यात गेली.

तिच्या निवृत्तीच्या दिवशीही भाषणं आटोपल्यावर ती पानं घेऊन जिना चढली.

"ताई, आज तरी राहू द्या," सर म्हणाले.

"डॉक्टरांचं अक्षर आज जरा बरं आहे, वाचून घ्या," म्हणत तिनं पानं ठेवली आणि सरांची पानं उचलून खाली डॉक्टरांकडे निघाली.