भावोजींचा उशिरा येणारा हात

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, ताईला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून बहुधा जमतंय.

मी अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. त्यामुळे नातेवाइकांत मी ‘त्यातला माणूस’. मोबाइल असो, प्रिंटर असो, घेण्याआधी मला विचारायचं, अशी आमच्याकडे रीतच पडली आहे. आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं. ठाऊक नसलेलंही मी ठणकावून सांगायचो. तोवर त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

ताईचे यजमान, माझे भावोजी, बदलापूर गावात राहतात. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये एकेकाळी त्यांचं मोठं नाव. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे — अगदीच नाही. बोटं हलायची, थोडी. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, पहिलं वर्ष महत्त्वाचं, बोटांना काम द्या, आवडीचं द्या. आवडीचं म्हणजे दुसरं काय असणार? लॅपटॉपवरचा क्रिकेटचा गेम. चेंडू आला की बटण दाबायचं, बस.

लॅपटॉप मी निवडायचा, हे ठरलेलंच होतं. आम्ही उल्हासनगरला गेलो. गेमचं चित्र पळवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडणारं नव्हतं, म्हणजे सगळी भिस्त प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर. एकाच किमतीचे दोन लॅपटॉप समोर होते. त्यातल्या एकाचं नाव मी घरून निघतानाच भावोजींना सांगून ठेवलं होतं — त्याच्या प्रोसेसरचा आकडा मोठा होता ना. सिंधी दुकानदाराने मात्र दुसरा पुढे सरकवला. “साईं, गेम खेलना है तो ये लो. वो पुराना प्रोसेसर है, उसका ग्राफिक्स कमजोर है.”

तो बरोबर बोलत होता. मला तिथेच कळलं. कळलं, हे लक्षात घ्या. पण भावोजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्यादेखत एका दुकानदाराने मला शिकवायचं? मी त्यांच्या कानाशी लागलो, म्हटलं, हे लोक पडून राहिलेला माल खपवतात. आणि माझाच घ्यायला लावला.

घरी गेम सुरू केला. चेंडू पडायचा, भावोजी दात आवळून बटण दाबायचे, आणि पडद्यावरची बॅट फिरेपर्यंत दांडी उडालेली असायची. पुन्हा. पुन्हा. “हात लेट येतोय रे माझा,” ते म्हणाले. मग ताई त्यांना धरून मोरीकडे घेऊन गेली, तेवढ्यात मी खेळून पाहिलं. माझ्या धडधाकट हाताने. बोल्ड. सगळी सेटिंग्ज कमी केली. तरी बोल्ड. चित्रच अडखळत होतं. हात नाही, मशीन उशिरा चालत होतं.

इथवर ती चूकच होती. चूक कुणाचीही होते. पण भावोजी परत आले, खुर्चीत टेकले आणि त्यांनी विचारलं, “काय रे, मशीन बरोबर आहे ना?”

मी म्हणालो, “मशीन एकदम फर्स्ट क्लास. हाताला सवय होऊ दे.”

एवढंच.

प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स लॅपटॉपच्या रॅमवरच, म्हणजे मेमरीवरच चालतं. रिकाम्या जागेत रॅमची आणखी एक पट्टी बसवली असती, तरी बराच फरक पडला असता. पण त्यासाठी कारण सांगावं लागलं असतं, कदाचित त्याच दुकानात जावं लागलं असतं. नाही गेलो. भावोजी दीड महिना खेळले. बाद झाले की स्वतःच्या हाताकडे बघायचे, घरातल्याच माणसाने फसवल्यासारखे. मग लॅपटॉप बंद झाला. पाठोपाठ व्यायामही. जो हात ऐकतच नाही त्याला किती सांगायचं, म्हणायचे. ताई रडली, मला म्हणाली, तूच समजाव. आणि मी गेलो समजवायला! जिद्दीवर भाषण दिलं. मी! वर्ष गेलं, बोटं मिटली ती मिटलीच.

हात सुधारला असता का? कुणी सांगावं. त्या प्रश्नाच्या आडोशाला मी पुष्कळदा बसून पाहिलंय, तिथे बसवत नाही. आजही ऑफिसात बटण दाबलं आणि पडदा क्षणभर थांबला, की भावोजी हाताकडे बघताना दिसतात.

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला आम्ही शेजारी-शेजारी जेवत होतो. भावोजी डाव्या हातात चमचा धरून. पाहुण्यांपैकी एकाला मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. भावोजींनी चमच्यानेच माझ्याकडे दाखवलं.

“ह्याला विचारा. मला एक नंबर घेऊन दिलेला. मशीनचा काय दोष नव्हता, माझा हातच मेला.”

ताईने मान डोलावली. मी उजव्या हाताने जेवत राहिलो.