दोन माणसं, तिसरी सावली

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा करायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस मी. सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत. तरी हे लिहितोय, कारण मनात ठेवून ठेवून थकलो...

सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच — मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी ईरा. बायको, अनघा, गेल्या वर्षी आजारपणात गेली. तेव्हापासून पुण्याहून सासूबाईंचं एकच, "जयंतराव, पोरीला माझ्याकडे पाठवा. तिकडे तिला बघतं कोण?"

आमचं बरं चाललंय हे त्यांना दिसावं म्हणून एका रविवारी सकाळी ईराला घेऊन, ड्रोन उडवायला परवानगी असलेल्या एका मैदानावर गेलो. ऊन कोवळं, सावल्या लांबच लांब. ड्रोन आमच्या मागोमाग येईल असा लावला आणि चालत सुटलो. मैदानात दुसरं कोणीही नव्हतं.

घरी येऊन व्हिडिओ फोनमध्ये घेतला. जेमतेम दोन मिनिटांचा, पण फाइल एवढी मोठी की व्हॉट्सअ‍ॅपवर जाईना. मग एका अ‍ॅपमध्ये कॉम्प्रेस केला आणि न बघताच सासूबाईंना पाठवला.

दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"जयंतराव, तुम्ही दोघंच होतात ना?"

"हो आई. का?"

"मग सावल्या तीन कशा?"

मी बघितलं. खरंच तीन! तिसरी ईराच्या डावीकडे, एक खांदा किंचित झुकलेला... ऑपरेशननंतर अनघा तशीच चालायची.

मूळ व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला — त्यात दोनच. कॉम्प्रेस केल्यावर चित्र पुसट होतं, बारकावे जातात. माणसाची अख्खी सावली वाढत नाही. त्याच सेटिंगवर आणखी चार वेळा करून पाहिलं. दर वेळी दोनच.

घाबरून ती पहिली फाइल डिलीट करायला गेलो, तर ईरा मागे उभी. कधीपासून बघत होती कोण जाणे.

"डोन्ट, लाह," इथल्या सिंगापुरी पोरांच्या ढंगात एवढंच म्हणाली. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

सासूबाईंनी तिला पाठवायचा विषय पुन्हा काढला नाही. व्हिडिओचं काम करणाऱ्या एका मित्राला क्लिप दाखवली. "दोन फ्रेम मिसळल्या असतील," म्हणाला, पण त्याचं त्यालाच पटलेलं दिसलं नाही. मलाही आजवर उत्तर सापडलेलं नाही.

क्लिप मी अजून बघतो. तिच्यात अर्ध्यावर मी पुढे निघून जातो, एकटाच. ती सावली मात्र ईराच्या पावलाला पाऊल लावून चालत राहते... माझ्याकडे एकदाही वळत नाही.