मुळात नसलेला कठडा

कल्याणातलं आमचं घर वारसा यादीत गेलं तेव्हा पेढे आम्हीच वाटले होते. दारावर पाटी लागली तशी बाबांनी तिच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला. आता बाबा नाहीत, पाटी आहे, आणि वरच्या मजल्यावर आई आहे.

घर धडधाकट आहे. सागवानी खांब, नक्षीदार तुळया, हातभर जाड भिंती. आईचे गुडघे मात्र कुठल्याच यादीत नाहीत. जिना उभाच्या उभा, काळोखा, धरायला काही नाही. दिवाळीत ती मधल्या पायरीवरून घसरली, ती तेव्हापासून खाली उतरलेली नाही.

मी कठडा बसवायची परवानगी मागितली. वारसा समितीचे सल्लागार बघायला आले. स्टीलचा कठडा म्हणे वास्तूच्या स्वभावाला विसंगत. मग लाकडी? तो बनावट जुना दिसेल. "मूळ जिन्याला कठडा नव्हता, हे लक्षात घ्या." मूळ घरात वीजही नव्हती, पण चहा त्यांनी पंख्याखाली बसूनच घेतला.

मावशी विठ्ठलवाडीला राहते. तिला हा जिना चढवत नाही, आईला उतरवत नाही. म्हणून मावशी रिक्षाने येऊन रस्त्यात उभी राहते, आई सज्जात, आणि माझ्या बायकोविषयीची गाऱ्हाणी अख्खी आळी ऐकते. गेल्या रविवारी सल्लागार हेरिटेज वॉकचा घोळका घेऊन आले. त्यांनी या गप्पांचाही फोटो काढला. "जिवंत वारसा," म्हणाले. त्यांना सज्जातून खाली ढकलावं असं मला मनापासून वाटलं.

वरच्या तुळया दाखवून झाल्या, तरुण मंडळी भराभर उतरली. सल्लागार मागे राहिले. बूट खाली काढलेले, पायात नुसते मोजे. पहिल्याच पायरीवर ते थबकले.

"धरायला काही आहे का हो?"

"नाही हो," आई म्हणाली. "मुळात नव्हतं."

मग ते खाली बसले आणि एकेका पायरीवर बूड टेकत उतरले. मी भिंतीकडे तोंड करून पोटभर हसलो. आई हसली नाही. ती सज्जात गेली आणि सल्लागार बूट घालून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत गेले, तोवर त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय झालं गं?" मावशीने खालून विचारलं.

"काही नाही. ते उतरले."