हलवायच्या आधी सांगायचं

शुक्रवारी संध्याकाळी मी कॉम्प्युटर बंद केला, हेडफोन गुंडाळून खणात ठेवला, शेजारच्या टेबलाला "येते" म्हणाले आणि निघाले. आपण घर सोडून निघालोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी येऊन बटण दाबलं आणि कानात नेहमीचा आवाज येईल म्हणून थांबले. तो आला नाही. अंदाजानं पासवर्ड टाकला, तरी काही नाही. मी दाराच्या आत आहे की बाहेर, तेच कळेना.

हे लिहितेय ते माझ्या अंध मित्रमैत्रिणींसाठी. जे अजून जुन्या सिस्टीमवर सुखात आहात त्यांच्यासाठी, आणि ज्यांना माझ्यासारखं उठवून इकडे आणलं त्यांच्यासाठीही. बाकीच्यांना एवढंच सांगते की मी जन्मापासून अंध आहे आणि ऑफिसातली पत्रं, टिपणं, बैठकांची इतिवृत्तं मीच लिहिते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर, माझ्या कानात बोलतो आणि बोटं कीबोर्डवर चालतात. माउसशी माझी ओळखही नाही.

त्या शनिवार-रविवारी आमच्या ऑफिसच्या जाधव साहेबांनी सगळे कॉम्प्युटर विंडोजवरून लिनक्सवर नेले. लिनक्स फुकट मिळतं. ते चांगलं आहे आणि आमच्यासाठी त्यातही स्क्रीन रीडर आहे, त्यामुळे त्याला मी नावं ठेवत नाही. पण तो माझ्या मशीनवर बसवायचं कुणाच्या मनातच आलं नाही. स्पीकर काढून नेले होते, टेबल मोकळं दिसावं म्हणून. आणि माझ्या टेबलावर ऑफिसातला सगळ्यात मोठा मॉनिटर आणून ठेवला होता.

"तुम्हाला दिसायला त्रास होतो ना, म्हणून खास तुमच्यासाठी," साहेब म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशी म्हण आहे. इथं तर आंधळीच्या हातातलं जातंच उचलून नेलं होतं, आणि वर तिनं आभार मानावेत अशी अपेक्षा होती.

गावी, करमाडला, आमच्या घरात एक नियम होता. वस्तू जागची हलवायची नाही, आणि हलवलीच तर आधी मला सांगायचं. पाण्याची घागर, दादांची बाज, चपलांचा कोपरा, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. एकदा पाहुण्यांनी खुर्ची वाटेत ठेवली आणि माझी नडगी फुटली. तेव्हा माय सगळ्यांदेखत कडाडली होती, "तिला नाय दिसत, पर तुमाला तर दिसतंय ना!" मी नोकरीसाठी शहरात आले तेव्हा तिनं मला खोलीभर फिरवलं, भिंतीला, खिडकीला, मोरीला हात लावून दिला आणि मगच करमाडची बस धरली. माय शाळेत गेलेली नाही.

साहेबांनी माझ्यावर तोडगाही काढून ठेवला होता. "तोवर तुम्ही फोनवर बसा, मॅडम." हा तोवर आपण सगळे ओळखतो. आपल्यातले कितीतरी जण असेच तोवर म्हणून फोनवर बसले आणि तिथूनच रिटायर झाले. माझी पत्रं दुसऱ्या टेबलावर गेली असती, आणि एकदा गेलेलं काम परत येत नसतं. मी म्हणाले, "माझं काम मला येतं. माझं मशीन मुकं केलंय, ते बोलतं करा."

कॉम्प्युटर बघणारे शफीकभाई शहरातल्या गुलमंडी भागातून आले. काय गेलंय ते मी सांगितल्यावर बिचारे ओशाळले. "मेरेकू किसीने बोलाइच नै, मॅडम." नाशिकची माझी मैत्रीण माझ्याआधी लिनक्सवर गेलेली. ती फोनवरून सांगत गेली, मी बोलत गेले, शफीकभाई करत गेले, आणि दुपारी मशीन बोललं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी मराठी वाचावं तसा आवाज होता. तरी मला रडू आलं. त्याचाही राग आला, कारण मला रडायचं नव्हतं, भांडायचं होतं.

मग खरं स्थलांतर सुरू झालं. बोटं रोज जुन्या गावालाच जायची. फाइल उघडायला जावं तर भलतंच काही बंद व्हायचं. जे पत्र मी बोलता बोलता टाइप करायचे त्याला अख्खी सकाळ जाऊ लागली. येताजाता कुणीतरी खांद्यावरून हात घालून माउस हलवायचं आणि मी पुन्हा हरवायचे. मी घरच्या लॅपटॉपवरही लिनक्स घातलं आणि कामावरून आले की तेच घोटत बसायचे. हळूहळू वाटा बोटांत बसल्या. परवा अजून विंडोजवर असलेल्या दुसऱ्या एका मैत्रिणीच्या मशीनवर जुना आवाज ऐकला. गोड वाटला, पण किती संथ! माहेरी गेल्यावर चूल सापडत नाही तसं झालं.

आता माझी पत्रं माझ्याच टेबलावरून जातात. "काय जिद्द हो तुमची!" असं लोक म्हणतात. जिद्दीची गरजच काय होती? एक फोन केला असता तर भागलं असतं. साहेबांना मी मायचा नियम सांगितला. ते हसून म्हणाले, "अहो, ऑफिस म्हणजे काय घर आहे का?" गेल्या आठवड्यात कुणालाही न विचारता त्यांनी पुन्हा अपडेट टाकलं. माझं मशीन पुन्हा मुकं झालं, आणि मीच ते बोलतं केलं.

त्याच संध्याकाळी मायचा फोन आला. मी चिडलेलीच होते, तुटक बोलत होते. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही.

"आगं, फ्रीज हलवलाय बरं का. आता दारातून आलीस की डाव्या अंगाला हाय. दिवाळीला येशील आन् आदळशील, म्हनून आत्ताच सांगितलं."

दिवाळीला अजून लई अवकाश होता. पण मला धीर धरवला नाही. रविवारी करमाडची बस धरली, चपला चपलांच्या कोपऱ्यात काढल्या आणि दारातून आत पाऊल टाकत डावा हात पुढे केला. फ्रीज तिथंच होता.