अपात्राचं पान

"आता काय हरवलं, सांगा." असं म्हणून भाई संगणकाच्या पडद्यावर उजवा तळहात ठेवायचे. पानाचा जेवढा भाग हाताखाली झाकला जाई, तेवढ्यावाचून कुणाचं काही अडत नसेल तर तो उडवायचा, असा त्यांचा नियम होता. त्या पडद्यावर बोटांचे ठसे इतके असत की नवा माणूस आधी रुमाल काढून काच पुसायचा.

भाई वेबसाइटी बनवत. कापसाचे ते वाईट दिवस होते. दिग्रसच्या सरकी काढणाऱ्या जिनिंगा एकेक करून थंड पडत होत्या, आणि अशा वेळी यवतमाळात, लोहाऱ्याच्या रस्त्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन हा माणूस वेबसाइटीचं दुकान उघडून बसला. लोकांनी वेड्यात काढलं. भाईंचे वडील दिग्रसला पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची नावं रंगवणारे. मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे आणि भाईंच्या साइटींचा मराठी मजकूर फावल्या वेळात बघून देई. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "ओ शुद्धलेखन, इकडं ये!" एवढंच.

गिऱ्हाइकं कशी असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. एका बियाण्याच्या दुकानदाराला पहिल्याच पानावर गणपती, फडफडता झेंडा, पळतं हरीण आणि घराण्याच्या तीन पिढ्या हव्या होत्या. भाईंनी हात ठेवला. "शेटजी, पऱ्हाटी दाट लावली का झाड वाढते, बोंड धरत नाही. तुमी तर बियाणं विकता, तुमाले मी काय सांगू?" शेटजींनी हरीण सोडलं. गणपतीवर मात्र भाईंनी कधी हात ठेवला नाही.

एकदा पुसदहून एका कापडवाल्याचा फोन आला. "भाई, माह्या दुकानाच्या नावाच्या जागी शिव्या दिसून राह्यल्या!" त्याच्या संगणकात आपला मराठी फॉन्ट नव्हता, म्हणून अक्षरांचा इंग्रजी चिवडा झाला होता. "शिव्या नाही शेट," भाई गंभीरपणे म्हणाले, "उधारी बंद, असं लिहून आलं असंन." फोन ठेवल्यावर मात्र दिवसभर डोक्याला हात लावून बसले.

रविवारी दुपारी दुकानात बैठक भरे. कॉलेजची पोरंपोरी, लग्नाचे फोटो काढणारा एक जण, एक पाट्या रंगवणारा आणि मी. रंग, अक्षरं, मोकळी जागा, यांवर भाई बोलत. लाइट जायचीच. गेली की भिंतीवर खडूने पान आखून बोलणं पुढे चालू. पण गाडी कुठूनही सुटली तरी एकाच ठेसनावर येऊन थांबे. "नेटवर आपल्या जिल्ह्याचं नाव टाका. काय येते?"

शेतकऱ्यांची मरणं येत. एकामागून एक मरणं, दुसरं काही नाही. बाहेरून गाड्या येत, कॅमेरे येत, रडणारी बाई शोधत आणि संध्याकाळच्या आत परत जात. भाईंना त्याचा फार संताप होता. "आमी काय नुसते मरूनच राह्यलो काय? गात नाही? खात नाही?" म्हणून त्यांनी स्वतःच जिल्ह्याची एक साइट बनवली होती. तांड्यावरची गाणी, कोलाम आदिवासींच्या बोलीतले शब्द, स्कूटरच्या इंजिनावर पाणी उपसणारा बाभुळगावचा मिस्त्री, रस्त्याकडेचा पळस. एकही मरण नाही. ती साइट म्हणजे भाईंचा जीव की प्राण होती.

एका रविवारी ते ती साइट सगळ्यांना दाखवत होते. बाभुळगावकडच्या खेड्यातून येणारी एक मुलगी मागे बसली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, कधी तोंड उघडायची नाही. ती उठून म्हणाली, "सर, साइट चांगली हाय. पण माह्या बापावर तुमी हात ठेवला."

कुणाला काही कळेना.

"माह्या बापानं दोन सालाआधी जीव देल्ला," ती म्हणाली. "शेत आज्याच्या नावावर होतं, म्हणून सरकारी मदतीच्या कागदात बापाच्या नावापुढं 'अपात्र' लिहून आलं. तिथं नाही, तुमच्या इथंबी नाही. मंग तो होता का नोता?"

भाई चिडले. सगळी दुनिया तेच दाखवते, मीही तेच दाखवू का, असं बरंच बोलले. मुलगी रडली नाही, भांडली नाही. पिशवी उचलून "जय भीम, सर" म्हणाली आणि गेली. त्यानंतर भाईंनी खडू हातात घेतला, पण भिंतीवर काहीच आखलं नाही. मीही त्यांच्याच बाजूचा होतो आणि तरीही मला त्या पोरीचंच खरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात भाईंनीच विषय काढला आणि आम्ही दोघं एसटीने तिच्या गावाला गेलो. मुलीच्या आईने चहा ठेवला. भाई ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वहिनी, भाऊ कसे होते?"

बाईने हातातला कप खाली ठेवला. "आतापरेंत जे आले त्यायनं 'कसे गेले' हेच विचारलं, भाऊ. सांगू सांगू थकली मी." मग पदराने हात पुसत सांगायला लागली. गावात कुणाचंही लगन असो, पंगतीची वांग्याची भाजी त्यांच्याच हातची. "मीठ कधी चाखून नाही पाह्यलं. वाफ नाकाले लागली का सांगे, बस, झालं." फोटो एकच होता, कुणाच्या तरी लग्नातला. कढईजवळ हातात झारा, आणि अर्धा माणूस चौकटीच्या बाहेर.

भाईंच्या साइटवर त्या फोटोचं पान झालं. वर नाव, खाली बाईचं बोलणं. मी सवयीने 'पाह्यलं'चं 'पाहिलं' केलं, तर भाई खवळले. "बाईच्या तोंडचं बदलू नको. ते काय तुह्या छापखान्यातलं लेकरू हाय?" मुलीने पान तीनदा वाचलं आणि म्हणाली, "सर, काळा मसाला लिहाचा राह्यला." भाई त्या दिवशी मोकळे हसले. माझ्या आठवणीतलं ते त्यांचं शेवटचं हसू.

कारण नंतर असंच घरचं माणूस गमावलेले लोक यायला लागले. कुठून कळलं देव जाणे. नेरकडून, दारव्ह्याकडून, प्लास्टिकच्या पिशवीत फोटो गुंडाळून. मोटारसायकलवरचे, बैलाच्या शेजारचे, पोळ्याच्या दिवशीचे. भाई प्रत्येकाला बसवत, चहा पाजत, विचारत, ऐकत. रविवारची बैठक बंद पडली, गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली. जे दाखवायचं नाही म्हणून हा माणूस पेटून उठला होता, त्यातच तो गळ्यापर्यंत बुडाला. जेवण कमी झालं. मला भीती वाटायची.

"भाई, आता थांबा जरा," मी एकदा म्हटलं.

"कसा थांबू? लोक येऊन राह्यले ना." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "बापानं जिंदगीभर दुसऱ्याची नावंच रंगवली. मी बी तेच करून राह्यलो. पण त्याच्या नावाचे मालक दुकानात बसून राहत यार. पाटी झाली का चहा पाजत."

उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. साइटचं नाव दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. त्याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, भाईंच्या डोक्यात होत्या, त्या त्यांच्याबरोबर गेल्या. मुलीने आणि मी खूप खटपट केली. एका सकाळी पान उघडलं तर तिथे भलत्याच कसल्यातरी जाहिराती होत्या. पंगतीची भाजी, बैल, मोटारसायकली, सगळं पुसलं गेलं. एवढा राग मला आयुष्यात कशाचा आला नाही, आणि तो काढायचा कुणावर तेही कळलं नाही.

दुकान आता ती मुलगी चालवते. परवा मी तिथे बसलो होतो, तर एक म्हातारी दारात आली. हातात पिशवी. "ते सर नाहीत काय? आमच्या ह्यांचा फोटो आणलाता."

मी मुलीकडे पाहिलं. भाई गेले, साइट गेली, फोटो आता ठेवणार तरी कुठे, हे म्हातारीला आता कुणीतरी सांगायला हवं होतं. मुलीने सांगितलं. सगळं, न लपवता, सावकाश. म्हातारी पिशवी छातीशी धरून परत वळली.

"मावशी, जाता कायले?" मुलगी खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "बसा. काकाले खायले काय आवडे?"

म्हातारी बसली. पिशवी मांडीवर ठेवली. मग पदर तोंडाला लावून तिला हसू फुटलं. "गूळ," ती म्हणाली. "चोरून खाये, अन् मिशीले तसाच लागून राहे."