रविवासरे, पर्वतशिखरे

उभ्या वऱ्हाडात देव आणि डोंगर या दोघांनाही अरेतुरे करणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो पोटासाठी भिक्षुकी करतो. अमरावतीतल्या निम्म्या कॉलन्यांच्या वास्तुशांती त्याच्याच हातच्या. आमची मैत्री दर्यापूरच्या शाळेपासूनची. दर्यापूर इतकं सपाट की तिथल्या माणसाला चढण म्हणजे एसटीची पायरी. ती कसर हा गृहस्थ पन्नाशी उलटल्यावरही भरून काढत होता. महिन्यातल्या एखाद्या रविवारी, मुहूर्त नसेल तर, आम्ही सकाळच्या एसटीने अकोटमार्गे हिवरखेड गाठायचो आणि गावाच्या उत्तरेला सातपुड्यातला एक डोंगर चढायचो. माथ्यावर बियर. बाटली एक, माणसं दोन. लग्नात, हॉटेलात, मित्रांच्या गच्चीवर त्याने कधी थेंब घेतला नाही. "खाली पेते तो बेवडा," असं त्याचं शास्त्र होतं. "वर पेते त्याले तहान लागलेली असते."

चढणीचं माप त्याच्याकडे पूजेचं. पहिला टप्पा सत्यनारायणाचा, मधली घसरडी वाट लघुरुद्राची, शेवटचा कडा म्हणजे बारसं, उभ्याउभ्या उरकणारं. एकदा मी धापा टाकत किती राहिलं विचारलं, तर म्हणाला, "आत्ताशी साधुवाण्याची नाव बुडाली. चाल."

बाटली ओल्या पंच्यात गुंडाळून समिधांच्याच पिशवीत ठेवायची त्याची रीत. एका वास्तुशांतीत यजमानांच्या आईने दर्भ काढायला म्हणून पिशवीत हात घातला आणि भलतंच हाताला लागलं. बाटली सगळ्यांसमोर बाहेर आली. याने मंत्र न थांबवता बाटली परत आत सरकवली, श्लोक पुरा केला आणि माझ्याकडे बोट करून शांतपणे सांगितलं की ते उद्याच्या यजमानाचं आहे. उद्याचा यजमान मी होतो. त्या घरी मला आजतागायत चहा मिळालेला नाही.

माथ्यावर पोचल्यावर लगेच प्यायची सोय नव्हती. आधी हातपाय धुणं, मग पूर्वेला तोंड करून खणखणीत संकल्प: जंबुद्वीपे, भरतवर्षे, सातपुडा पर्वते, हिवरखेडस्य उत्तरे, रविवासरे. माझं गोत्र त्याला पाठ होतं, तरी दर वेळी विचारायचा. एकदा शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा चपला काढून, हात जोडून शेवटपर्यंत उभे राहिले आणि प्रसाद मागू लागले. त्याने त्यांना ओंजळभर फुटाणे दिले आणि तीर्थ आज कमी आहे म्हणाला. परतताना मात्र तो आमची रिकामी बाटली आणि इतरांनी टाकलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून खाली आणायचा. डोंगरावर काच फोडणाऱ्याचं श्राद्ध आपण फुकट करू, अशी त्याची जाहीर घोषणा होती.

मागच्या पावसाळ्यात अकोल्याला एका यजमानाकडे होम चालू असतानाच त्याच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट पडल्या. डॉक्टरांनी डोंगर आणि बियर दोन्ही बंद सांगितलं. थंडी सुरू झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की दोन्ही नियम एकाच दिवशी मोडले तर पाप एकच धरतात. मी पुष्कळ नाही म्हटलं. पण तो एकटाच जाईल हे मला ठाऊक होतं.

म्हणून पुढच्या रविवारी मीही निघालो. अर्ध्या वाटेवर तो एका पळसाखाली बसला. मग पिशवी माझ्याकडे सरकवून खाली बघत म्हणाला, "मले जमून नाही राहिलं. तू जा. माह्या वाटची पे."

मी जायला तयार नव्हतो. त्याने मला अक्षरशः हाकललं. माथ्यावर जाऊन मी दहा मिनिटं बाटली मांडीवर घेऊन बसलो, आणि तशीच घेऊन खाली आलो.

तो भडकला. वरून भरलेली बाटली आणणारा तूच पहिला गाढव, म्हणाला. मग थोड्या वेळाने स्वतःच हात पुढे केला, मंत्रबिंत्र काही न म्हणता झाकण उघडलं, एकच घोट घेतला आणि बाकीची माझ्याकडे दिली. ती चहाइतकी गरम झाली होती.

"वर हवा होती काय?"

होती म्हटलं.

"आन् वान धरणाचं पाणी दिसलं?"

खरं तर मी बघितलंच नव्हतं. वर बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काही धड दिसत नव्हतं. पण मी सांगत गेलो. पाणी काठोकाठ आहे, उन्हात चमकतंय, खाली संत्र्याच्या बागा दिसतात, आणि दूर दर्यापूरच्या बाजूला नुसतं धुकं. पळसाच्या बुंध्याला टेकून, डोळे मिटून तो ऐकत होता. मी थांबलो की हाताने खूण करायचा, अजून सांग म्हणून.